फुंकरीचे टाके

गल्लीत त्याला सगळे फुंकर म्हणत. नाव थोरल्या भावानं पाडलेलं. तरुणपणी हा तारा जोडायला सोल्डरचा टाका द्यायचा आणि कथील वितळलेलं असतानाच त्यावर हलकी फुंकर मारायचा, लवकर निवावं म्हणून. दादा चारचौघांत सांगायचा, "आमचा धाकटा ताकसुद्धा फुंकून पितो, मग टाका काय सोडतोय!" लोक हसायचे. हाही हसायचा. पुढे सवय सुटली, नाव राहिलं.

सवय सुटायला कारण होतं. टाका आपला आपण निवला तर चकचकीत दिसतो, नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा. फुंकर मारून निववला तर राखाडी पडतो, खरखरीत होतो आणि आतून कच्चा राहतो. काही वर्षं धरतो. मग कधीतरी त्याला केसाएवढी चीर जाते आणि यंत्र मुकं होतं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्यानं दुरुस्त केलेले रेडिओ एकेक करून परत येऊ लागले तेव्हा कळलं. तेव्हापासून टाका देताना तो श्वासच रोखून धरायचा. बायको म्हणायची, "एक दिवस असाच धराल आणि सोडायचं विसराल."

घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर वाकणाऱ्या दांड्याला जोडलेलं भिंग, भिंगाभोवती गोल दिवा. एका बाजूला मिक्सर, पंखे, इस्त्र्या. दुसऱ्या बाजूला गिटारवाल्या पोरांचे ॲम्प्लिफायर आणि पेडलं. पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची लोखंडी पेटी. गिटारची वायर तिच्यातून पुढे जाते. बटण पायानं दाबलं की आवाज बदलतो. कुठली पेडलं आवाज लांबवतात, कुठली थरथरवतात, कुठली फाडतात. याला स्वतःला गिटार येत नव्हती. दुरुस्ती झाली की तो नुसत्या मोकळ्या तारा छेडायचा, कान तिरका करायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा." पोरांना ते पुरायचं. या माणसाकडून गेलेली वस्तू त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, एवढं गावभर माहीत होतं. त्याची ऐट असलीच तर एवढीच.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा पुतण्या एक पेडल घेऊन आला. बापासारखाच उंच, दारात वाकून शिरणारा. कापडात गुंडाळलेली पेटी त्यानं टेबलावर अशी ठेवली, जणू आत काही झोपलेलं आहे.

"काका, बाबांचं पेडल."

त्यानं कापड न उघडताच म्हटलं, "ओळखतो."

"एक कंपनी मागं लागलीय. हुबेहूब तसंच बनवायचं म्हणतात, बाबांच्या नावानं, त्यांच्या सहीसकट. पण हे वाजतच नाही. आणि आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना बनवता येणार नाही. आत सगळी काळी लाख ओतलेली आहे."

"हो. आहे."

"बाबांनी ओतली होती, कुणी नक्कल करू नये म्हणून. काढायची कशी ते त्यांच्या माणसांना कळेना. जबरदस्ती केली तर आतलं उपटून येईल म्हणाले. मी म्हटलं, आमचे काका आहेत." पुतण्या हसला. त्यात लबाडी नव्हती. "हे बनवलं तेव्हा तुम्ही होतात ना शेजारी? बाबा सांगायचे. मी रात्रंदिवस खपायचो आणि धाकटा तारा धरून बसायचा, म्हणायचे."

आत स्वयंपाकघरात काहीतरी खाली आपटलं. आपटलं, की आपटवलं गेलं.

"चहा घेऊन जा," तो पुतण्याला म्हणाला. पण पुतण्या घाईत होता. चार दिवसांनी कंपनीचा माणूस घेऊन येतो, तोवर लाख काढून ठेवा आणि वाजतं करता आलं तर बघा, असं सांगून तो गेला.

बायको हात पुसत बाहेर आली. "तारा धरून?"

त्यानं पेडलावरचं कापड उलगडायला घेतलं.

"मी टॉर्च धरून उभी असायची तुमच्या डोक्यावर. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. हात भरून यायचा माझा. आणि तो कुठे असायचा? बाहेर पायरीवर सिगारेट ओढत. 'झालं का रे, झालं का रे' करत."

हे खरं होतं. हट्ट दादाचा होता, पण हात याचा. त्यांच्या घरात एक लाकडी पेटीचा रेडिओ होता, त्याच्या कर्ण्याचा पडदा फाटलेला. त्यावर कुणीही गायलं तरी घसा बसल्यासारखं वाजायचं. रडून रडून आवाज गेलेल्या माणसानं पुन्हा बोलायला सुरुवात करावी, तसं. बँडमध्ये गिटार वाजवणारा दादा एक दिवस त्या रेडिओपुढे उभा राहून म्हणाला, "मला गिटारमधून हे पाहिजे. फाटलेलं." मग यानं खिशात मावणाऱ्या मोडक्या रेडिओतून दोन जुने ट्रान्झिस्टर काढले, टोपीच्या आकाराचे. जोडलं, उकललं, पुन्हा जोडलं. महिने गेले. एका सकाळी तो आवाज आला. दादानं तेव्हा त्याला मिठी मारली होती. ती मिठीही खोटी नव्हती. हीच तर अडचण.

त्या आवाजावर दादा मोठा झाला. पेडलाची पत्र्याची पेटी जाऊन ओतीव पेटी आली, वर निळा रंग आला. मग दादा म्हणाला, "चोर टपलेत रे. आत काहीतरी ओतून टाक, कुणाला दिसायला नको." यानंच लाख वितळवली, यानंच ओतली. आपल्या कामावर आपल्याच हातानं माती लोटली. पुढे कुणीतरी मुलाखतीत विचारलं, हा आवाज कुठून आणलात? दादा म्हणाला, "माझ्याच हातचा आहे." जेवायच्या ताटावर विषय निघाला तेव्हा दादा घास न थांबवता म्हणाला, "अरे, तुझं नाव घेतलं असतं तर तिथं ओळखलं असतं कुणी? माझं घेतलं म्हणजे घराचंच झालं." त्यावर याला उत्तर सुचलं नाही. नंतर पुष्कळ सुचली. रोज एक सुचायचं, पण ताट कधीच उचललं गेलं होतं.

"या वेळी सांगा," बायको म्हणाली.

"गेलेल्या भावाला खोटं पाडू?"

"त्यानं जिवंतपणी तुम्हाला पाडलं, तेव्हा कुणी आडवं आलं नाही."

त्यानं पेडल उलटं करून तळाचे स्क्रू बघितले. मग म्हणाला, "सांगायला नकोच. लाख निघाली की दिसेल. टाके राखाडी असणार. तेव्हा मी फुंकर मारायचो. रेडिओच्या मागं आहेत तसेच."

तो फाटका रेडिओ अजून होता. ती रोज सकाळी स्वयंपाकघरात लावायची. त्याची मागची बाजू यानंच तरुणपणी पुन्हा जोडली होती, आणि नशिबानं ती अजून धरून होती. नंतर त्यानं आपली सगळी जुनी कामं सुधारली, हे एकच ठेवलं. ती म्हणाली होती, वाजतोय तर कशाला छेडता. पुतण्या लहान असताना दादा त्याला रेडिओ उलटा करून दाखवायचा: "हे बघ, काकाची फुंकर. राखेचे गोळे!" म्हणजे पुतण्याला ओळख पटणार होती. दादानंच ती करून दिली होती.

"बघा," बायको म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

तो हसला. खूप दिवसांनी तिनं त्याला असं हसताना पाहिलं.

लाख काढायला दोन दिवस गेले. गरम हवेनं मऊ करायची, लाकडी काडीनं उचलायची, उरलेली स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. धातूचं हत्यार लावायचं नाही. काळा थर पातळ होत गेला. आधी दोन ट्रान्झिस्टरच्या टोप्या वर आल्या, मग एक लाल तार. ती बायकोच्या जुन्या इस्त्रीतली होती, हे त्याला बघताक्षणी आठवलं. आणि मग टाके. राखाडी, खडबडीत, प्रत्येकाच्या माथ्यावर एका बाजूला झुकलेली बारीक लाट. फुंकर ज्या बाजूनं आली होती तिच्या उलट. त्यानं भिंगाखाली एकेक बघितला. चाळीसेक वर्षांपूर्वीचा त्याचा श्वास तिथं कथलात गोठून बसला होता. सही करायची तर याहून वेगळी काय करतात?

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. त्यानं पेडलाला बॅटरी जोडली, गिटार लावली, तारा छेडल्या. काही नाही. भिंगाखाली शोधलं, तर एका टाक्याला चीर गेलेली होती. तो तेवढाच टाका पुन्हा द्यायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलेलंच होतं. श्वास रोखला, सोल्डरची इस्त्री लावली, कथील पाण्यासारखं पसरलं, निवलं. चमकलं. तारा छेडल्या आणि आवाज आला. खोलीतल्या पंख्यांच्या पात्यांनासुद्धा तो लागला असावा. फाटलेला, बसलेला, तरी बोलत राहणारा.

इथं थांबायचं होतं.

पण वस्तू परत देण्याआधी लाकडी काडीनं प्रत्येक टाक्यावर टकटक करून बघायचं, हा त्याचा जन्माचा नेम. जो टाका कच्चा तो टकटक केली की आवाजात खरखर सोडतो. त्यानं पहिल्यावर काडी मारली. खर्र. दुसऱ्यावर. खर्र. तिसऱ्यावर मारली तर आवाज गेलाच, काडी उचलली तर आला. सगळेच कच्चे. उद्या सगळ्यांसमोर कंपनीच्या माणसानं वाजवताना आवाज गेला तर? एक तरी पक्का करू, म्हणून त्यानं तिसरा केला. आता दोन चकचकीत आणि त्यांच्या शेजारी हे राखेचे गोळे. भिंगाखाली ते फार मोठे दिसत होते. हे माझं आहे असं सांगायचं आणि दाखवायचं काय, तर हे? ज्या माणसाकडून इतकी वर्षं कच्चं काम बाहेर गेलं नाही, त्याची जगापुढे येणारी पहिली वस्तू ही? दादाचं "राखेचे गोळे!" त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि त्यामागचं हसणंही.

मग त्याचा हात चालू लागला. जुनं कथील उचलायचं, जागा पुसायची, नवं द्यायचं, श्वास रोखायचा. हाताला हे काम इतकं पाठ होतं की मधे विचार शिरायला फट नव्हती. ऊन टेबलावरून खाली उतरलं तेव्हा त्यानं मान वर केली. सगळे टाके चमकत होते. काडीनं टकटक केली. एकही कुरकुरला नाही. "घेऊन जा," तो सवयीनं म्हणाला, रिकाम्या खोलीत. आणि मग त्याला समजलं आपण काय केलं ते.

जुनं कथील कापसात गुंडाळलेलं होतं, आकार नसलेलं. त्यावर कुणाचीच फुंकर नव्हती.

बायको परत आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "झालं? दिसतंय ना सगळं?"

"वाजतंय," तो म्हणाला.

तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला. त्यानं घेऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या कंपनीच्या माणसाला घेऊन आला. तो तरुण होता, नम्र होता, बूट दाराबाहेर काढून आला. त्यानं दादाचं वाजवणं लहानपणापासून ऐकलं होतं आणि पेडल हातात घेण्याआधी त्यानं दोन्ही हात रुमालाला पुसले. राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं. त्यानं भिंगातून आतला एकेक टाका बघितला.

"काय हात आहे!" तो शेवटी म्हणाला. "त्या काळात, साध्या इस्त्रीनं. एक टाका कच्चा नाही. दादा वाजवायचे तसंच काम करायचे."

पुतण्यानंही बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

"एक विचारू?" त्या माणसानं याच्याकडे वळून म्हटलं. "हे टाके मूळचेच ना? आम्हाला मूळ हातच छापायचाय, फोटोसकट. नंतर कुणी इस्त्री लावली असेल तर मात्र हे आमच्या कामाचं नाही. पुढचं सगळं थांबेल."

पुतण्या म्हणाला, "नाही नाही, काकांनी फक्त लाख काढलीय. आणि ते खटक्याचं बटण साफ केलं असेल. हो ना काका?"

आता बोललं तर दोन गोष्टी एका दमात सांगाव्या लागणार होत्या: हे माझं होतं, आणि ते मी काल पुसलं. पहिलीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसरीवर सगळे ठेवतील.

"हो," तो म्हणाला.

तेवढ्यात ती आतून आली. दोन्ही हातांत तो लाकडी रेडिओ, मागचं झाकण काढलेला. तयारीनंच बसली असणार. चेहरा लाल.

"जरा हे बघा," तिनं रेडिओ टेबलावर टेकवला. "हे यांनी जोडलंय. यांच्या हातचं. आता शेजारी ठेवून बघा, आणि मग सांगा पेडल कुणाचं आहे ते. मी टॉर्च धरून उभी होते."

"काकू—" पुतण्या गोंधळला.

"तू थांब. तूच लहानपणी बघितलंयस हे. तुझ्या बापानं दाखवलंय तुला."

कंपनीचा माणूस मन लावून बघू लागला. भिंग रेडिओवर नेलं, पेडलावर आणलं, पुन्हा रेडिओवर. तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. नवरा खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या घरातली बाई दांडीवर चादर सारखी करत होती, एक टोक ओढलं की दुसरं वर जात होतं.

"काकू, रागावू नका," तो माणूस अदबीनं म्हणाला. "हे दोन वेगळे हात आहेत. हा शिकाऊ आहे. बघा ना, सगळे फुंकलेले टाके. इकडे एकही नाही."

पुतण्याला एकदम आठवलं आणि तो हसला, मायेनंच. "अगं काकू, हीच तर काकांची फुंकर! बाबा दाखवायचे मला. म्हणूनच तर सांगायचे, पेडलाला मी धाकट्याला हात लावू दिला नाही."

ती वाकली. भिंगातून पेडलात बघितलं. तिला यातलं फारसं कळत नसे, पण राखाडी आणि चमकतं यांतला फरक कळायला काय लागतं? ती सावकाश सरळ झाली आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. काल संध्याकाळचं "वाजतंय" तिला आता नीट ऐकू आलं असावं.

"रेडिओ आत ठेव," तो म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण झालं होतं. तिनं रेडिओ उचलला. दारात थोडा धक्का लागला.

मग कंपनीच्या माणसानं गिटार घेतली. त्याला वाजवता येत होतं, चांगलंच. फाटका आवाज खोलीभर झाला, भिंतीवरून गल्लीत गेला. समोरची बाई चादर सोडून बघू लागली. पुतण्यानं डोळ्यांवर हात ठेवला. "बाबाच," तो म्हणाला. निघताना तो काकाच्या पाया पडला. कंपनीच्या माणसानं सांगितलं, माहितीपत्रात शेवटी आभार म्हणून काकांचं नाव घालू, लाख इतकी सुबक काढल्याबद्दल. पूर्ण नाव काय घालायचं? पुतण्याच म्हणाला, "सगळे फुंकरच म्हणतात. पण तसं नका घालू, बरं नाही दिसणार."

ते गेले. त्यानं टेबलावरचं सगळं जागच्या जागी लावलं. आतून कसलाच आवाज येत नव्हता, म्हणून तो आत गेला.

ती ओट्यापाशी उभी होती. रेडिओचं बटण तिनं फिरवून ठेवलेलं होतं, दिवा लागला होता, पण रेडिओ गप्प होता. तिनं एकदा वरून थापटी मारली. नुसती खर्र.

"धक्क्यानं टाका सुटला असेल," तो म्हणाला. "आण इकडे. इस्त्री गरम करतो."

तिनं रेडिओ भिंतीकडे सरकवला आणि आपण मधे उभी राहिली.

"नाही वाजला तरी चालेल," ती म्हणाली. "याला हात लावायचा नाही."

मग तिनं मागचं झाकण लावलं, स्क्रू बोटांनीच फिरवून बसवले, आणि भाजी चिरायला घेतली.